ठिपक्यासमोर ठिपका

माराकाइबो, शनिवार, ९ एप्रिल १९८८

एउदो,

एल्बिया मावशी उद्या तुरुंगात तुला भेटायला येते आहे. हे पत्र तिच्या भाताच्या डब्याखाली असेल. उत्तर तिच्याच हाती दे, टपालाने नको.

बाबांची मालिबू गाडी बंद पडली. महिनाभर इंजिनाच्या तोंडाशी आवाज यायचा, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. मग चढावर दम लागायला लागला. आता चावी फिरवली की नुसती घुरघुरते.

मला ती हवी आहे. मला वालेराला जायचं आहे, आईच्या माणसांत, आणि परत यायचं नाही. बसने जाऊन पाहिलं. डिसेंबरात बसले होते, ते तुला सांगितलं नव्हतं. पुलाच्या नाक्यावर ड्रायव्हरने मला ओळखलं, बस वळवली आणि नेरिओच्या आईच्या दारात आणून उतरवलं. ‘वहिनी, तुमचं घर इकडे आहे,’ म्हणाला. चाळीस माणसं खिडक्यांतून बघत होती. टर्मिनलवरची प्रत्येक गाडी नेरिओच्या प्रवासी लाइनची आहे, नाहीतर त्याच्या मित्राची.

तो स्वतः अजून तळ्यापलीकडे भावाकडे आहे. तू मोडलेला पाय वाकडा जुळला म्हणतात. नवरा म्हणून कागदावर नाव आहे, तेवढंच. पण तो परत येणार, आणि तो येण्याआधी मला निघायचं आहे.

दोन मेकॅनिकांनी बॉनेट उघडून पाहिलं, गाडी कोणाची हे कळल्यावर बंद केलं. त्यांचं पोट लाइनवर आहे. म्हणून मीच करणार. कारखान्यात रोज चाळीस किलो खेकडे फोडते मी, बोल्टही उघडेन. काय करायचं ते लिही.

दिल्सिया

•

तुरुंग, रविवार, १७ एप्रिल

दिल्सिया,

टायमिंग चेन गेली आहे. खात्री करून घे. डिस्ट्रिब्युटरचं, ठिणगी वाटणाऱ्या डब्याचं, झाकण काढ. खालच्या मोठ्या पुलीच्या बोल्टला पाना लावून ती डावीकडे फिरव, मग उजवीकडे. आतला रोटर, तो फिरणारा काटा, लगेच हलला तर चेन बरी आहे. पुली बोटभर फिरेपर्यंत रोटर गप्प राहिला तर चेन सैल झाली आहे. खाली क्रँकला एक गिअर असतो, वर कॅमला एक, आणि दोघांना बांधणारी ती चेन. पिस्टन कधी वर येणार आणि झडप कधी उघडणार, हे तीच ठरवते. ती सैल झाली की इंजिन बरळायला लागतं.

वरच्या गिअरचे दाते कारखान्यातूनच प्लास्टिकचे येतात, आवाज कमी व्हावा म्हणून. पंधरा वर्षांनी ते बिस्किटासारखे फुटतात आणि तुकडे तेलात पडतात. तू दोन्ही गिअर लोखंडी घे आणि चेन नवी घे. जुन्या गिअरवर नवी चेन चढवू नकोस. झिजलेला दाता नव्या चेनला महिन्याभरात खातो.

पाणी सोड. रेडिएटर काढ, पंखा काढ, पाण्याचा पंप काढ. मोठी पुली हातोडीने मारून काढायची नाही, ओढून काढणारा पुलर लावायचा. मग पुढचं झाकण. खालचं तेलाचं चेंबरही उतरव आणि जाळीत अडकलेले तुकडे वेचून काढ. एक राहिला तरी तो तेल अडवेल. नव्या दोन्ही गिअरवर एकेक ठिपका असेल. ते एकमेकांच्या समोर आणायचे, वरच्याचा खाली आणि खालच्याचा वर. मग चेन चढवून तीन बोल्ट आवळायचे. डिस्ट्रिब्युटरला हात लावायचा नाही. तो जागेवर राहिला तर बाकी सगळं आपोआप जुळतं.

घाई करू नकोस. बाबा म्हणायचे, झाकण दोनदा बसवणाऱ्याने ते एकदाही बसवलेलं नसतं.

माझं विचारू नकोस, पण तू विचारशील. मंगळवारी शेजारच्या बराकीत एकाला चमच्याच्या दांड्याने भोसकलं. तो दुपारपर्यंत ओरडत होता. मग त्याच्याच कोठडीतल्या कोणीतरी त्याला गप्प केलं. मला हात लावत नाहीत, कारण पहाऱ्यावरच्या लेफ्टनंटची जीप माझ्याशिवाय चालत नाही. ऑगस्टमध्ये माझी सुनावणी आहे. लेफ्टनंट माझ्यासाठी चार ओळी लिहिणार आहे. दोन वर्षं कमी होतील.

एउदो

•

शनिवार, १४ मे

एउदो,

झालं. म्हणजे जवळजवळ.

तू म्हणालास तसंच होतं. वरच्या गिअरला निम्मे दाते नव्हते. जाळीत सतरा तुकडे सापडले, पिवळे, म्हाताऱ्याच्या दातांसारखे. चेन आडवी धरली तर मेलेल्या सापासारखी लोंबत होती. नवा संच बसवला. ठिपके समोरासमोर आहेत, मी पट्टी लावून पाहिले. पुढचं झाकण, पुली, पंप, रेडिएटर, सगळं परत लावलं. मावशी कंदील धरून बसायची आणि प्रत्येक बोल्टला चिनिता माउलीचं नाव घ्यायची. मी म्हटलं, मावशी, माउलीला सांग पुढचा बोल्ट तिनेच आवळावा. तेव्हा तिने कंदील जरा जवळ आणला.

डाव्या हाताची दोन बोटं मोडली. पुलर सुटला. म्हणून अक्षर असं आहे, कागद धरता येत नाही. कारखान्यात आठ दिवस गेले नाही.

डिस्ट्रिब्युटर काढून ठेवला आहे, धुवायला. तो परत कसा बसवायचा ते लिही.

दिल्सिया

•

रविवार, १५ मे

दिल्सिया,

मावशी समोर बसली आहे, म्हणून थोडक्यात.

सुटलेला पुलर पुढे उडतो. छातीवर येतो, तोंडावर येतो. माझा दात असाच गेला. तो बोटांवर पडत नाही, आणि पडलाच तर पाना धरलेल्या हातावर पडेल. तुझा तो हात उजवा. डाव्या हाताची दोन बोटं एकदम मोडतात, ती वरून काहीतरी बंद केल्यावर.

डिस्ट्रिब्युटर काढायला मी सांगितलं नव्हतं. तू सांगितलेलं सोडून एक बोल्टही काढणारी नाहीस. तो तू काढलेला नाही.

मी मावशीला विचारलं. तिने डबा आवरायला घेतला.

खरं लिही.

एउदो

•

शनिवार, २८ मे

एउदो,

नेरिओ पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच, परत आला. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा आतल्या खोलीत झोपला होता. तुला सांगितलं असतं तर तू सुनावणीची वाट पाहिली नसतीस. तिथून उठून काहीतरी केलं असतंस आणि त्यांनी तुला तिथेच पुरलं असतं.

आला तेव्हा गोड होता. पाय दाखवला. म्हणाला, ‘तुझ्या भावाने गाडीच्या एक्सलने मारलं मला, टर्मिनलवर, सगळ्यांदेखत. मी त्याला माफ केलं. तुला करायचं आहे अजून.’

मी गाडी उघडली तेव्हा तो हसला. खुर्ची टाकून बसायचा, बिअर प्यायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायचा. या, या, माझी बायको डॉक्टर झाली आहे, इंजिनाचं बाळंतपण करते आहे. झाकण बसल्यावर हसणं थांबलं. तेव्हा त्याला कळलं की गाडी चालू होणार. त्या दिवशी मी रेडिएटरचा पाइप आवळत होते, डावा हात बॉनेटच्या कडेवर होता. त्याने बॉनेट पाडलं आणि त्यावर बसला. मी ओरडत होते आणि तो वर बसून सिगारेट पेटवत होता. ‘कुठे निघाली होतीस?’ असं एकदाच विचारलं. मग उतरला, डिस्ट्रिब्युटर उपटून काढला, वायरींसकट, आणि स्वतःच्या आईकडे नेऊन ठेवला.

आता त्याने ठरवलं आहे की मालिबू लाइनवर घालायची. तो चालवणार. मी चालू करून द्यायची, कारण उघडली मी. डिस्ट्रिब्युटर परत आणून देईल तेव्हा मला वाटतं एक दिवस मिळेल. तो चाचणीला बसेल त्याआधी मी बसायला हवं. चुकलं तर दुसरी वेळ मिळणार नाही. मागच्या शनिवारी त्याने सुरी माझ्या कानामागे धरून ठेवली, जेवण होईपर्यंत, आणि मला वाढायला लावलं.

ठिपके समोरासमोर आहेत. पुली हलवलेली नाही. पुढे काय करायचं ते लिही, नीट, मी एकटी करणार आहे असं धरून.

दिल्सिया

•

रविवार, ५ जून

दिल्सिया,

मागच्या रविवारी मावशी तुझ्याकडे रिकाम्या हाताने परतली, कारण माझा हात लिहिण्याजोगा नव्हता. पत्र वाचलं आणि जो पहिला समोर आला त्याला मारलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याने फक्त मीठ मागितलं होतं. त्याचा जबडा मोडला. लेफ्टनंटने ते बघितलं नाही असं ठरवलं, जीपची क्लच प्लेट यायची आहे म्हणून.

आता नीट वाच. इथेच सगळे चुकतात.

ठिपके समोरासमोर असतात तेव्हा तो एक नंबर नसतो, म्हणजे ठिणगीची पाळी एक नंबरच्या सिलिंडरची नसते. तो सहा नंबर असतो. एक आणि सहा हे दोन पिस्टन बरोबर वर येतात. एकाची ठिणगी पडायची वेळ असते, दुसरा हवा आत ओढायच्या तयारीत असतो. ठिपके समोर असताना ठिणगी सहा नंबरला हवी आणि एक नंबरची झडप उघडत असते. त्या वेळी रोटर एक नंबरच्या वायरीसमोर ठेवलास तर ठिणगी उघड्या झडपेत पडेल. आग खाली जाणार नाही. ती वर येईल, कार्बोरेटरच्या तोंडातून, हातभर.

म्हणून आधी पुली एक पूर्ण फेरी फिरव, तिच्यावरची खूण पुन्हा होती तिथे आण. आता एक नंबर आला. आता रोटर एक नंबरच्या वायरीसमोर येईल असा डिस्ट्रिब्युटर बसव. नाही फिरवायची तर रोटर सहासमोर ठेव. दोन्ही एकच.

इतके दिवस उभ्या गाडीचा कार्बोरेटर कोरडा असतो. टर्मिनलवरचे ड्रायव्हर नळीने पेट्रोल तोंडात ओढतात आणि वरून फुंकतात, तसं करू देऊ नकोस कोणाला, पहिल्यांदा चालू करताना तर नाहीच. तू टोपणभर ओत, मागे हो, हवेच्या गाळणीचं झाकण लाव, मगच चावी.

पोरी, हे बरोबर केलंस तर ती पहिल्या फिरवण्यात चालू होईल. थांबू नकोस. सामान घेऊ नकोस. पूल पार कर.

एउदो

•

शनिवार, १८ जून

एउदो,

तो जिवंत आहे. हे आधी सांगते, म्हणजे तू उरलेलं वाचशील.

गेल्या रविवारी संध्याकाळी त्याने डिस्ट्रिब्युटर आणला आणि टेबलावर आपटला. सोमवारी सकाळी कळलं की तो एक दिवस मिळणार नाही, कारण नेरिओ हललाच नाही. माझ्या मागे उभा राहिला. तुझं पत्र माझ्या चोळीत होतं. तीनदा वाचलं होतं, पाठ होतं. पुली एक फेरी फिरवायची, हे मला माहीत होतं.

तो म्हणाला, आज ही चालू झाली की दुपारी तू माझ्या आईकडे राहायला जाशील, मागच्या खोलीत, आणि तिथे कुलूप आहे. तुझा भाऊ ऑगस्टमध्ये सुटतो म्हणे, सुटू दे, टर्मिनलवर पंधरा जण त्याची वाट बघताहेत. हे तो रागाने म्हणाला नाही. आंबा खात होता.

मी पुली फिरवली नाही. रोटर एक नंबरसमोर ठेवला.

मी आत बसले. चावी फिरवली, गाडी घुरघुरली. तो म्हणाला, कोरडी आहे, थांब. नळी टाकीत घातली, गाल भरून पेट्रोल घेतलं आणि कार्बोरेटरवर वाकला. मी त्याला वाक म्हटलं नाही. मागे हो, असंही म्हटलं नाही. त्याने हाताने खूण केली, फिरव. मी फिरवली.

आवाज बंदुकीसारखा झाला. आग त्याच्या तोंडात गेली, एउदो. तोंडात होतं ते पेटलं. तो मागे पडला आणि उठून पळाला, आणि पळताना हनुवटीवरून ठिबकत होतं ते सगळं जळत होतं. मी पोतं घेऊन मागे धावले. का धावले ते मला माहीत नाही. त्याला जमिनीवर दाबून पोत्याने विझवलं. माझ्या मोडक्या बोटांना त्याच्या गालाची कातडी चिकटली.

एक डोळा गेला. ओठ राहिले नाहीत. दवाखान्यात तो लिहून बोलतो आणि पहिल्या दिवशी माझंच नाव लिहिलं.

त्याच्या भावांनी दुसरा मेकॅनिक आणला. त्याने झाकण उघडून सांगितलं, डिस्ट्रिब्युटर बरोबर उलटा बसवला आहे. हे अडाण्याच्या हातून होतं, नाहीतर शहाण्याच्या. न्यायाधीशाने मला बोलावलं. तुला हे कोणी शिकवलं, विचारलं. मी म्हटलं, माझा भाऊ पत्रातून सांगायचा, त्याने सांगितलं तसंच केलं. दुसरं काही सुचलं नाही. तर म्हणाला, मंगळवारपर्यंत पत्रं आणून दे. सगळी. नेरिओने त्याला लिहून दिलं आहे की पाच तारखेला माझ्या हाती तुझं पत्र आलं, त्याने मला ते वाचताना पाहिलं.

पाच तारखेचं पत्र दिलं तर मी गेले. जाळलं तर विचारतील, तेवढंच कुठे गेलं. गाडी दारातच आहे, वायरी काळ्या झाल्या आहेत. इतर काही जळलं नाही. त्याचे भाऊ रस्त्यापलीकडे खुर्च्या टाकून बसले आहेत. मंगळवारची वाट बघताहेत. न्यायाधीशाने सोडलं तर ते मला पोलिसांसमोर हात लावणार नाहीत. धरलं तर त्यांच्या दोन बहिणी बायकांच्या तुरुंगात पहारेकरी आहेत.

तुला खोटं लिहायचं नव्हतं, म्हणून हे असं लिहिलं.

दिल्सिया

•

रविवार, १९ जून

दिल्सिया,

हे आणि तुझी सगळी पत्रं जाळ, ती याच डब्यात परत पाठवतो आहे. माझं पाच तारखेचं आधी.

या डब्यात दुसरं पत्र आहे, त्याच वहीच्या पानावर, त्याच पेनाने. तारीख पाच जून घातली आहे. आपली पत्रं मावशीच्या हातून येतात, कशावरही शिक्का नाही. ते आणि सतरा एप्रिलचं, ही दोनच न्यायाधीशाला दे. पंधरा मेचं देऊ नकोस. मावशी म्हणेल, बाकी मी तोंडीच सांगायचो. तिला मी आत्ता पढवलं आहे. ती रडते आहे, पण म्हणेल.

ते म्हणतील, वीस वर्षं काम केलेला मेकॅनिक अशी चूक करत नाही. ज्याचा पाय त्याने मोडला त्याचंच तोंड त्याने बहिणीच्या हातून जाळलं, तिला न सांगता. म्हणू दे. लेफ्टनंटही ते वाचेल. त्याच्या चार ओळी तो लिहिणार नाही, आणि ऑगस्टची सुनावणी होणार नाही, दुसरी होईल. इथल्या लोकांना मात्र ते आवडेल. मीठ मागणाऱ्याचा जबडा मोडला म्हणून दोघे माझ्यावर टपून आहेत. भिंतीआडून माणूस जाळणाऱ्यापाशी ते जरा विचार करून येतील.

पत्र तीनदा लिहिलं. पहिल्या दोनदा हात आपोआप बरोबरच लिहून गेला.

सोडलं की त्याच दुपारी निघ. वायरी बदल. पुली एक फेरी फिरव. वालेराहून पत्र लिहू नकोस.

एउदो

•

रविवार, ५ जून

लाडक्या बहिणीस,

तू सगळं छान केलंस. आता डिस्ट्रिब्युटर बसवणं म्हणजे अगदी सोपं. मी वीस वर्षं हेच करतो आहे, डोळे मिटून करतो, आणि माझा हात कधी चुकलेला नाही. म्हणून मी सांगतो तसंच कर, दुसऱ्या कोणाचं ऐकू नकोस, आणि स्वतःचं डोकं चालवू नकोस.

ठिपके समोरासमोर आहेत ना? मग तोच एक नंबर. पुली मुळीच फिरवायची नाही. रोटर एक नंबरच्या वायरीसमोर ठेव आणि बोल्ट आवळ.

उभ्या गाडीचा कार्बोरेटर कोरडा असतो. नेरिओला पेट्रोल फुंकायला सांग, तो ड्रायव्हर आहे, त्याला सवय आहे. आत नीट जावं म्हणून जवळून फुंकू दे. त्यात भिण्यासारखं काही नाही.

मग चावी फिरव.

तुझा भाऊ,
एउदो